कोतपल्लीवारांचा दीड फूट

आयुष्यात मी बरंच काही चुकीचं कापलं आहे. यजमानांची चांगली पँट कापून तोकडी केली. मुलीच्या कपाळावरची झुलपं इतकी वर नेली, की शाळेच्या फोटोत ती दचकल्यासारखी दिसते. पण माझ्या सगळ्या कापाकापीत पहिला नंबर लागतो तो एका तैलचित्राचा. पाच फूट लांब, तीन फूट उंच. एका माणसाने सहा शरद ऋतू खपून काढलेलं. मी ते शिवणाच्या कात्रीने डावीकडून दीड फूट कापलं. अंघोळ करून, नवी नारायणपेठी नेसून, तोंडाने देवाचं नाव घेत कापलं. का, तर गणपतीच्या मखरात ते बसत नव्हतं.

मी तेव्हा लहान होते, असं म्हणायची सोय नाही. चांगली त्रेपन्न वर्षांची घोडी होते. आता त्र्याहत्तर पूर्ण झाली आहेत आणि त्या बाईची मला भयंकर लाज वाटते. समोर आली तर तिला कात्रीसकट खोलीत कोंडून ठेवीन.

उरलेलं साडेतीन फूट चित्र अजून स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या घरात जिन्याशेजारी टांगलेलं आहे. माझी नऊ वर्षांची नात परवा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, धिस पेंटिंग जस्ट स्टॉप्स." मोठी माणसं वीस वर्षं त्या जिन्यातून वरखाली करतायत, एकाच्या लक्षात आलं नाही. मी तिला म्हटलं, "भूक लागली का गं तुला?" मला अडचणीचं काही विचारलं की मी समोरच्याला खायला घालते. पुढे येईलच ते.

तर हे चित्र वसंत कोतपल्लीवार यांचं. मूळचे नागपूरचे. आमच्यापासून तीन घरं सोडून एका अपार्टमेंटमध्ये एकटे राहणारे. विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात त्यांनी तीस वर्षं काचेची उपकरणं फुंकून बनवली. नळ्या, चंबू, नागमोडी काय काय. तिथल्या कुणालाही त्यांचं आडनाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून ते 'मिस्टर के' होते. वाढदिवसाला केकवरची मेणबत्ती ते फुंकत नसत. "पगार घेऊन फुंकतो मी. फुकटात नाही फुंकत," असं म्हणून चिमटीने विझवायचे.

मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. आणि भाऊजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ओलं आहे अजून. हात नका लावू."

हे मुळात चित्राबद्दलचं. तैलरंग वाळायला महिनोन् महिने लागतात, आणि भाऊजींचा हात इतका सढळ, की जाड थर वर्षभर चिकट राहायचा. पण हळूहळू ते वाक्य सगळीकडे पसरलं. इथल्या मराठी मंडळात कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आम्ही बायका सुनेबद्दल चौकशा करू लागलो, की भाऊजी म्हणायचे, "ओलं आहे अजून, हात नका लावू." कुणी नोकरी बदलली, ओलं आहे. कुणाशी कुणाचं भांडण मिटलं, ओलं आहे. मी त्यांच्यासाठी एकामागून एक तीन स्थळं आणली. त्यातली एक तर हॅरिसबर्गची घटस्फोटित डेंटिस्ट, स्वतःचं घर, उत्तम पुरणपोळी करणारी. भाऊजींनी पुरणपोळी खाल्ली, दातही तपासून घेतले आणि मला म्हणाले, "वहिनी, ओलं आहे हो अजून."

मी यांना म्हटलं, "बासष्ट वर्षांचा माणूस, अजून काय ओलं आहे याचं?"

हे म्हणाले, "तू कशाला बोट लावून बघतेस?"

आता त्यांच्या चित्रांविषयी. इथे सप्टेंबर सरला की आपली सगळी मंडळी झाडांचे रंग बघायला निघतात. गाडीत ठेपले, पुरीभाजी. लाल झाडाखाली फोटो, केशरी झाडाखाली फोटो, मग तेच फोटो वर्षभर सगळ्यांना दाखवायचे. कोतपल्लीवार मात्र सगळे परत आले की निघायचे. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. लाल पानं गळून, कुजून काळी झालेली. तेव्हा हा गृहस्थ चौदा तास गाडी चालवून मेन राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या उंबरठ्यावर जायचा. तिथे एक तळं आहे. तळं म्हणायचं आपलं, निम्मी दलदलच. भोवती काळपट, सुईसारख्या पानांची स्प्रूसची झाडं. गाव नाही, दुकान नाही, फोनला सिग्नल नाही. दर वर्षी तेच तळं, तीच बाजू.

"तिथं आहे काय एवढं?" मी विचारलं होतं.

"टॅमरॅक," ते म्हणाले. हे एक झाड. दिसायला ख्रिसमसच्या झाडाच्या नात्यातलं, पानांऐवजी सुया असलेलं. पण त्या नात्यातली बाकीची झाडं वर्षभर हिरवी राहतात आणि हे एकटं शरदात पिवळंधमक होऊन सगळ्या सुया ढाळून मोकळं होतं. "सगळे रंग संपले ना, की मग याची पाळी येते. तोवर पाहायला कोणी उरत नाही. म्हणून मी जातो."

तिथे पोचल्यावर पहिला तासभर ते तळ्याकडे पाठ करून बसायचे. "आधी त्याला आपली सवय होऊ द्यावी," म्हणायचे. गाडीचं दार उघडं ठेवून वाऱ्याला आडोसा करायचा, माकडटोपी घालायची, बोटं कापलेले हातमोजे, आणि शेजारी संत्र्यांची पिशवी. संत्री खायची आणि शिव्या घालायच्या. "हे संत्रं नाही जी, संत्र्याचा फोटो आहे." तरी पिशवी संपवायचे.

त्यांच्या पेटीत लाल रंगाची ट्यूबच नव्हती. लाल ओरडतो, म्हणे. चित्रात माणूस नाही, प्राणीही नाही. एकदा एक भलंमोठं मूस, म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलता म्हणा, तळ्यात येऊन पाऊण तास उभं राहिलं होतं. ते का नाही काढलं विचारलं, तर म्हणे, "हललं ना ते." आणि त्यांच्या चित्राला कुणी 'सीनरी' म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. आमच्याकडे जेवताना एकाने "काय छान सीनरी काढता हो तुम्ही" म्हटलं, तर भाऊजी ताटावरून उठले. ताक पिऊन मग उठले, पण उठले.

मंडळातले लोक विचारायचे, "यात माणूस कुठाय पण?"

"आहे ना," ते म्हणायचे. "तुम्ही पाहून राहिले, पण तुम्हाला दिसून नाही राहिला." आम्ही हसायचो.

एका नोव्हेंबरात ते चादरीत गुंडाळलेलं एक भलंमोठं चित्र घेऊन आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या घरात ओल फार होती. आमची पाहुण्यांची खोली कोरडी आणि उन्हाची. "वर्षभर इथं राहू द्या, वहिनी. हे ठेवायचं नाही, पाठवायचं आहे. ओलं आहे अजून." मग नेहमीपेक्षा जास्त गंभीरपणे, "हात नका लावू."

कुणाला पाठवायचं आहे, हे मी विचारलं नाही. नको त्या चौकशा करण्यात आयुष्य घालवलेली मी, नेमकी तिथे गप्प बसले.

पुढच्या सप्टेंबरात मंडळाने मखराची स्पर्धा ठेवली. प्रत्येकाने घरच्या मखराचा फोटो पाठवायचा. आदल्या वर्षी एका बाईने शीतपेयांच्या डब्यांतून रायगड उभा केला होता, तिला पहिला नंबर मिळाला होता आणि त्यावरून माझ्या पोटात दुखत होतं. मी ठरवलं, यंदा कैलास. पुठ्ठ्याचे दोन खांब, मध्ये चौरंगावर बाप्पा, मागे हिमालयाचं अरण्य. खांब रंगवले, कापूस आणला. अरण्य काही जमेना. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीत चादरी शोधायला गेले, तर अरण्य भिंतीला टेकून तयार उभं!

उत्तरेचंच तर होतं. उत्तर म्हणजे उत्तर.

हे म्हणाले, "अगं, त्यांना विचार तरी."

मी म्हटलं, "विचारलं तर ते नाही म्हणतील."

आता लिहितानाही हे वाक्य वाचून मला घाम फुटतो. पण तेव्हा ते मला बिनतोड वाटलं होतं. शिवाय माझा हिशेब असा, की या माणसाने तेच तळं तीसेक वेळा काढलेलं. एकात दीड फूट कमी झालं तर तळ्याला काय कळणार? फ्रेमच्या मागच्या पिना स्क्रू ड्रायव्हरने उपटल्या, कापड जमिनीवर अंथरलं, नीट पाहिलं. उजवीकडे टॅमरॅक मस्त पिवळा. मध्ये पाणी. डावीकडे एक खडक आणि त्यावर पिवळसर काहीतरी, तुटक्या झाडाचं खोड वाटलं. खोड काय कामाचं? डावीकडून कापलं. कापताना पदर त्यावर घासला, त्याला मोहरीच्या रंगाचा डाग पडला. ओलं होतं ते, खरंच. वर्ष होत आलं तरी तेवढाच भाग ओला होता.

मग झाडांच्या शेंड्यांवर गोंदाने कापूस चिकटवला. कापलेला तुकडा टाकून दिला नाही, मी काटकसरी बाई. चौरंगाचा एक पाय डुगडुगत होता. तुकडा चार घड्या घालून त्याखाली सारला. चौरंग पक्का बसला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

चतुर्थीच्या संध्याकाळी घर भरलेलं. जो तो "वा, साक्षात कैलास!" म्हणत होता. तेवढ्यात भाऊजी आले. बूट काढून पायमोज्यांवर हॉलच्या दारात उभे राहिले आणि तिथेच थांबले. मी आधीच घाबरलेली, आणि मी घाबरले की जास्त बोलते. भर माणसांत ओरडले, "भाऊजी, बघा, तुमच्या सीनरीचं सोनं झालं!"

भाऊजी आत येऊन मागच्या रांगेत उभे राहिले. आरतीला टाळ्या वाजवल्या, नेहमीप्रमाणे तालाच्या बाहेर. एरवी पाच मोदक खाणारा माणूस, त्या दिवशी एक खाल्ला. मग स्वयंपाकघरात आले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, डावीकडचं कुठं आहे?"

"ते... चौरंगाचा पाय हलत होता ना, भाऊजी, म्हणून त्याच्याखाली."

ते हॉलमध्ये गेले, चौरंगावरचं वस्त्र वर करून वाकून पाहिलं. मी मागून म्हटलं, "काढून देऊ का? आत्ता काढते." आणि वाकले. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"नको जी. बाप्पा बसून राहिले ना वर. हलवू नका. मी थांबतो."

आमचा गणपती पाच दिवसांचा. पाचही दिवस ते दोन्ही आरत्यांना आले आणि दर वेळी चौरंगाच्या त्याच पायाजवळ मांडी घालून बसले. मंडळातल्या बायका मला म्हणाल्या, "कोतपल्लीवार अगदी देवभक्त झाले हो." मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी मागच्या अंगणात टबमध्ये विसर्जन झालं. सगळे प्रसाद घेऊन गेले. मग भाऊजींनी चौरंग उचलला, घडी काढली आणि गुडघ्यावर ठेवून हलकेच उलगडली. रंगाला भेगा पडल्या होत्या. घड्या पडल्या तिथे तर पार पोपडे निघाले होते. पण एवढ्या जवळून पाहिल्यावर मला दिसलं, ते खोड नव्हतं. खडकावर पाठमोरी बसलेली एक बाई होती. अंबाडा, साडीवर मोहरीच्या रंगाचा स्वेटर, टॅमरॅकच्या रंगाशी इतका मिळता, की लांबून झाडातच जमा व्हावा. आणि तिच्या हातात एक नारिंगी ठिपका. सोलत असलेलं संत्रं. स्वेटरचा खांदा पुसला गेला होता, कारण तिथला रंग माझ्या पदरावर होता.

"ही कोण, भाऊजी?"

"नलिनी."

"कोण नलिनी?"

"आमची मिसेस."

मी खाली बसले. तीन स्थळं आणली होती मी या माणसाला. डेंटिस्टसकट.

मग त्यांनी तिथेच बसल्या बसल्या सांगितलं. आम्ही या गावात येण्याच्या खूप आधीची गोष्ट. चाळिशीला टेकलेले असताना लग्न केलं, नलिनीताईंना इकडे आणलं आणि पहिल्याच ऑक्टोबरात मोठ्या हौसेने त्या तळ्यावर नेलं. त्या खडकावर बसल्या, संत्रं सोललं, चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "इथं माणसं कुठं असतात?" भाऊजींनी सांगितलं, "इथं नसतात, म्हणून तर आणलं तुला." डिसेंबरात त्या भावाच्या लग्नाला नागपूरला गेल्या आणि परत आल्या नाहीत. भांडण नाही, घटस्फोट नाही. दिवाळीला एक पत्र यायचं, एक जायचं.

"आता गेल्या वर्षी लिहिलं तिनं," भाऊजी म्हणाले. "त्या तळ्याचं चित्र पाठवा म्हणे. त्या जागेची अजून भीती वाटते का, ते पाहते. नाही वाटली, तर येते." त्यांनी तुकड्याची पुन्हा घडी घातली, अगदी त्याच घड्यांवर. "दिवाळीला एक जण नागपूरला जाणार आहेत. त्यांच्यासोबत द्यायचं होतं."

मी रडायला लागले. म्हटलं, "मी लिहिते त्यांना. माझी चूक आहे, मी सांगते."

"नको. मी कळवतो." दाराशी जाऊन ते वळले. "मोठं तुमच्याकडे राहू द्या. एवढं मी नेतो."

पुढच्या आठवड्यात मंडळाचा फोन आला. नैसर्गिक देखाव्यासाठी माझ्या मखराला पहिला नंबर. बक्षीस इडलीपात्र. त्यात मी आजवर एकही इडली केलेली नाही.

नलिनीताईंचं उत्तर भाऊजींनी मला वाचून दाखवलं. एकच ओळ होती. "पुन्हा काढा, मी थांबते."

भाऊजी त्या ऑक्टोबरात गेले, नवं चित्र घेऊन आले. वर्षाने मी विचारलं, "पाठवलं का?" म्हणाले, "ओलं आहे अजून." त्याच्या पुढच्या वर्षीही ओलं होतं. मग मी विचारणंच सोडलं. मला वाटायचं, त्यांचा हातच मी कापला. तळं जमत असेल, पण ती बाई पुन्हा जमत नसेल. या पापावर मी उपाय काय शोधला? चकल्या. दर ऑक्टोबरात ते निघाले की मोठा डबा भरून चकल्या द्यायची. वीस वर्षांत मी त्या माणसाला काही हजार चकल्या दिल्या असतील, पण एक सरळ प्रश्न दिला नाही. मधल्या काळात मी दोनदा नागपूरला जाऊन आले, मामेबहिणीकडे. नलिनीताईंचा पत्ता पर्समध्ये होता. रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांचं अंतर. चित्र कशात तरी गुंडाळून मीच नेलं असतं तर? नुसती जाऊन, "ती कात्रीवाली मी," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी संत्र्याची बर्फी घेतली आणि परत आले.

पुढे हे वारले. भाऊजींच्या गुडघ्यांनी संप केला. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते माझ्या दारात आले, हातात फोन. नागपूरच्या भाच्याचा निरोप होता. "वहिनी, नलिनी गेली," ते म्हणाले. "चित्र ओलंच राहिलं." मी त्यांना आत बसवून उपमा खायला घातला. सांगितलं ना, मला दुसरं काही येत नाही.

त्या ऑक्टोबरात ते उत्तरेला गेले नाहीत. पुढच्याही नाही. डॉक्टरांनी गाडीची चावी काढून घेतली होती. यंदा मीच म्हटलं, "चला, मी नेते."

माझी मुलगी जर्सी सिटीहून फोनवर किंचाळली. "आई, तो चौऱ्याऐंशी, तू त्र्याहत्तर! टुगेदर यू आर अ हंड्रेड अँड फिफ्टी-सेव्हन!"

"म्हणजे अनुभव दांडगा आहे," मी म्हटलं.

दोन दिवस लागले. मी हायवेवर ताशी पंचावन्न मैलांच्या वर जात नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. भाऊजी मला दर तासाला म्हणत होते, "घाई नाही जी, तळं काही उठून जात नाही." चकल्यांचा डबा मध्ये. मोटेलात दोन खोल्या मागितल्या तर काउंटरवरची मुलगी मला डोळा मारून म्हणाली, "शुअर, हनी?" मी भाऊजींना भाषांतर करून सांगितलं नाही.

तळं चित्रातल्यासारखंच होतं. म्हणजे अगदी कुरूप. करडं पाणी, काळी झाडं, चिखलाचा वास. आणि त्या काळ्या झाडांमध्ये एकच टॅमरॅक, दुपारच्या उन्हात असा पेटलेला, की मी बोलता बोलता थांबले. मी थांबले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

भाऊजींनी रंगाची पेटी आणलीच नव्हती. हात थरथरतात. मी घडीची खुर्ची मांडून दिली, त्यावर ते बसले. तळ्याकडे पाठ करून. मी दमले होते, जवळच्या एका खडकावर टेकले. टेकल्यावर लक्षात आलं मी कुठल्या खडकावर बसले आहे, आणि विंचू चावल्यासारखी उठले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "गार लागतो. तिनंही म्हटलं होतं."

मी बसले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक संत्रं काढून माझ्याकडे दिलं. मी सोलू लागले. आजूबाजूला इतकी शांतता, की साल निघण्याचा आवाज येत होता. टॅमरॅकच्या सुया पाण्यावर गळत होत्या, एकेक, बिनआवाजी. त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला काही खायला घालून वेळ मारून नेता येईना. संत्रंही त्यांचंच होतं.

मग म्हटलं एकदाचं. "भाऊजी, मी ते चित्र कापलं नसतं, तर नलिनीताई आल्या असत्या. तुमची इतकी वर्षं एकट्याने गेली नसती. माझं चुकलं. फार चुकलं. आणि तेव्हाच नीट माफी मागायची, तर चकल्या देत बसले."

त्यांनी खुर्ची वळवली. पहिला तास अजून संपला नव्हता, तरी वळवली. तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशातून ती जुनी घडी काढली, पण उलगडली नाही. गुडघ्यावर ठेवून तिच्यावर हात ठेवला. आणि म्हणाले,

"चुकलं काहून म्हणता, वहिनी? पाठवायचं म्हटलं होतं खरं, पण मी ते पाठवणारच नव्हतो. चित्र पोचलं असतं अन् तरी ती आली नसती, तर मी काय केलं असतं सांगा? तुमच्या कात्रीच्या भरवशावर वीस वर्षं काढली मी."